रबराला भाव नसतो

मी मूळची वर्ध्याकडची. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर खडकीला आले, तेव्हा आमच्याकडे एक हातगाडी होती, तीपण भाड्याची. तो ढकलायचा आणि मी ओरडायचे, भंगार, रद्दी. आवाज माझा असा, काय सांगू तुम्हाला, की बंगल्यातल्या बाया भाव न करताच सामान बाहेर आणून ठेवायच्या. आता माझं स्वतःचं दुकान आहे. नवरा गेला, पण दुकान मी वाढवलं. दीर म्हणतो, वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाही. हातगाडी होती तेव्हा असं कधी म्हणाला नाही, दुकान झाल्यावर म्हणायला लागला.

तर गुडघा. इतकी वर्षं लोखंड उचलून उजवा गुडघा गेला, आणि गादीवर बसून बसून पोट आलं. डॉक्टर म्हणाले, चरबी उतरवा, मांडीत ताकद आणा, दिवाळीनंतर दाखवा, नाही जमलं तर ऑपरेशन. ऑपरेशन म्हणजे मी घरी, आणि मी घरी म्हणजे दीर गल्ल्यावर. एकदा बसला की तो उठायचा नाही, मी ओळखते त्याला.

म्हणून जिममध्ये गेले. मालक पोरसवदा, दंड फुगवलेले. मी म्हटलं, मला ते लोखंड उचलायचंय. तो हसला हो. सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, काकू, तुम्हाला नाही झेपणार ते, तुम्ही आपलं रबर ओढा. अहो, मला! फ्रीजचा कॉम्प्रेसर मी एकटी टेम्पोत टाकायचे. मी म्हटलं, अर्ध्या सामानाला हात लावू देणार नसशील तर फी पण अर्धीच घे, आणि तशीच ठरवून घेतली. पण ते हसणं काही डोक्यातून गेलं नाही, अजूनही नाही.

शिकवायला रश्मी नावाची मुलगी होती. तिनं हातात रबराचे पट्टे दिले. आमच्या धंद्यात सायकलच्या जुन्या ट्यूबा मी फुकटसुद्धा ठेवून घेत नाही, रबराला भाव नसतो. खुर्चीवर बसायचं, पट्टा खुर्चीच्या पायाला आणि आपल्या घोट्याला अडकवायचा, आणि पाय सरळ करायचा. सुरुवातीला वाटलं, हा पोरखेळ आहे. पण ते रबर आधी लाडात येतं आणि ताणलं की वैरी होतं, मांडी नुसती पेटते. संध्याकाळची भजी पण बंद केली तिनं. म्हणाली, चरबी पट्ट्यानं कमी आणि ताटातून जास्त जाते. भज्यांच्या जागी उसळ आणि अंडी.

आता काटा आमचा देव. मी दर सोमवारी दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभी राहायचे, जिथे पत्रा तोलतो तिथेच. काटा हलायचं नाव घेईना. दिवाळी तोंडावर आली आणि माझं डोकं फिरलं. गेले तशीच, म्हटलं, तुमचा मालक लबाड, तुमचं रबर लबाड, मला लोखंड दिलं असतंत तर आत्तापर्यंत वजन उतरलं असतं. रश्मीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मावशी, एक पोतं पत्रा आणि तेवढ्याच वजनाचं बीड, जागा सारखी लागते का?

पत्रा फुगतो, बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते कोपऱ्यात मावतं, हे मला कोण सांगणार? आणि तेव्हा आठवलं, परकराची नाडी हल्ली केवढी उरते, दोनदा पायात आली होती. मला वाटलं, नाडीच सैल झाली. वजन तेवढंच होतं, आतला माल बदलला होता.

मालक नसताना तिनं मला लोखंड पण दिलं. उचललं मी, झेपलं की! लोखंडाचं एक बरं, आज किती उचललं ते आकड्यात कळतं, रबर हिशेब देत नाही. पण रश्मी म्हणते, मांडीला रबर कळत नाही आणि लोखंड कळत नाही, तिला जोर कळतो. मी आता दोन्ही करते. दुकानात पट्टा खिडकीच्या गजाला बांधलाय, गिऱ्हाईक भाव करत असलं तरी माझं ओढणं चालू.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी मांडी दाबून पाहिली, उठबस करायला लावली. हात न टेकता उठले. म्हणाले, सध्या ऑपरेशन नको, हेच चालू ठेवा. बाहेर येऊन मी पायरीवरच बसले, गुडघ्यामुळे नाही, उगाच बसले. रडले पण थोडी. मग दिराला फोन केला, म्हटलं, भावोजी, गल्ल्यावर मीच आहे हो.

आता रोज शटर मीच उघडते. त्या जिमवाल्याला मात्र माफ केलेलं नाही. धंद्यातली माणसं आम्ही, जिम उघडतात आणि बंदही पडतात, आणि बंद पडली की त्यांची वजनं कुठे येतात ते मला ठाऊक आहे. येईल तेव्हा किलोवर घेईन आणि हसून घेईन. पण रश्मीची नोकरी आहे तिथे, तिच्या पोटावर पाय नको. ती तिथे आहे तोवर त्याचं बरं चालो.