अब्बांच्या बंदुकीचा साचा

बहरीनमधल्या मनामाच्या बाजारात, गावी सामान पाठवायच्या कार्गोच्या रांगेत माझ्यापुढे रत्नागिरीकडचं एक जोडपं दबक्या आवाजात बोलत होतं.

"अब्बांना बंदुकीचा साचा खरंच पाठवायचा?"

"रानडुकरांनी नारळाची रोपं उपटलीत, जुबैदा. गोळ्या ओतायला साचा पाठव म्हणून रोज फोन येतोय."

"त्यांना नीट दिसत नाही हो! मे महिन्यात डुक्कर समजून आपल्या जिकरावरच बार काढला. थोडक्यात वाचली पोर."

"म्हणून तर नळीपेक्षा जाड गोळीचा साचा केलाय. गोळी आत जायचीच नाही."

"वीस वर्षं लेथवर काढलीत तुम्ही. तुमचं माप चुकलं, हे त्यांना पटेल?"

"माझं चुकलं म्हटलं की अब्बांना लगेच पटतं."