फणसावरचा फोन आणि अडकलेला पगार

थांबा, आधी हे आयका, हे आत्ताच सांगायला पायजे, न्हाईतर माझ्या पोटात ऱ्हाणार न्हाई. परवाच घडलंय. माझी मावसबहीण सुजाता बेळगावात कालेजला हाय, ती भाताच्या लावणीला आलीया, मी बोलतोय आणि ती मोबाइलवर टाइप करतीया, तिचा अंगठा माझ्या तोंडापेक्षा जोरात पळतोय, तवा काय चुकलं तर ते तिचं.

मी महेश, वय सव्वीस. मूळ आमचं खानापूर तालुक्यातलं, आजा रानातल्या कामाला म्हणून इकडं जोयड्याकडं आला आणि ऱ्हायलाच. कुंभारवाड्याच्या अलीकडं आमची वाडी, घरं अकरा. बाबा लाकूडतोडीच्या मजुरीवर, पावसात भात. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा आमच्या घरात पयला मीच. सुप्याच्या वाटेवर एक रिसॉर्ट हाय, तिथं मी खोल्या बघतो, पाहुण्यांना रानात फिरवतो, कुणी पाण्याला भ्यालं तर बोटीत बसवताना हात धरतो, काय म्हणशील ते. आणि ह्या पगारावरच माझं लगीन झालं बगा. सासऱ्यांचं रामनगरला पंक्चरचं दुकान, हायवेला लागून. सोयरीक ठरली तवा चार माणसांत म्हणालते, जमीन किती, घर केवढं मी काय बगितलं न्हाई, पोरगा पगारी हाय एवढंच बगितलं. सहा महिनं झालं लगनाला, अजून रेणुका, म्हंजे माझी बायको, चिडली की म्हणती, काय वो पगारी, उठा की.

तर गेल्या महिन्यात ओढ्यावरच्या पुलावर पाणी आलतं आणि मी शाणा, गाडी घातली. स्कूटर मधीच बसली. इंजनात पाणी. आमच्याकडं बस दिवसाला दोन, त्यातली एक येती न येती, स्कूटर न्हाई तर नोकरी न्हाई. टेम्पोत टाकून रामनगरला नेली. गॅरेज नेमकं सासऱ्यांच्या दुकानापासनं चार दुकानं सोडून. मेकॅनिक म्हणाला साडेतीन हजार. सासरे हात पुसत आले, जावई, पैशाचं हाय न्हवं? मी म्हटलं, हाय की मामा, मी पगारी माणूस. आणि खिशात किती तर दोनशे चाळीस.

मग स्टँडच्या मागं गेलो. तिथं रेंज झकास. मोबाइलवर एक जाहिरात सारखी यायची, पाच मिनिटांत कर्ज, पगार झाला की फेडा. दाबलं. ते इचारालंय, तुमचं फोटो बघू काय, अलाव. तुमच्या फोनातलं सगळं नंबर बघू काय, अलाव. मी आपलं देवाला फुलं वाहिल्यासारखं अलाव अलाव करत गेलो. पाच हजार मागितलं, हातात आलं अडतीसशे, बाराशे कुठं गेलं तर म्हणं प्रोसेसिंग. आणि चौदा दिवसांनी फेडायचं पुरं पाच हजार. म्हटलं चालतंय, पाच तारखेला पगार, आठ तारखेला हप्ता, मधी तीन दिवस हाईत की. रेणुकाला सांगितलं मेकॅनिक वळखीचा हाय, स्वस्तात केलं. कर्ज काढलं म्हणून सांगितलं न्हाई. पगारी माणसानं कर्ज काढलं म्हणायचं कसं?

पाच तारीख आली, पगार न्हाई. सहा, न्हाई. सात, न्हाई. मालक हुबळीला असतात, फोन केला की म्हणायचे, पावसात पाहुणं कमी, बुकिंगवाल्यांनी पैसं अडकवल्यात, उद्या बघू. आमी सात जणं कामाला, सातही जणांचं असंच. आणि तिकडनं कर्जवाल्यांचं मेसेज सुरू. पयला गोड, दुसरा कडू, तिसऱ्यात म्हणं आठ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत भरलं न्हाई तर तुझा फोटो, खाली लिवून की ह्यो पैसं बुडवतो, तुझ्या फोनातल्या सगळ्या नंबरांना जाणार. पयलं मला कोण आठवलं असंल? मामा. पंक्चरच्या दुकानात बसून चार ड्रायव्हरांसमोर ते माझा फोटो बघतायत, एवढंच डोळ्यासमोर.

आता मधी आमच्या वाडीचं एक सांगायला पायजे, न्हाईतर पुढचं कळणार न्हाई. आमच्याकडं फोन खिशात ठेवून उपेग न्हाई. रेंज येती एकाच जागी, मधल्या फणसाखाली, ती बी बोलण्यापुरती, नेट न्हाई. म्हणून फणसाच्या फांदीला एक बुट्टी, म्हंजे टोपली, टांगलीया, वर प्लास्टिकचा कागद, आणि सगळ्या वाडीचं फोन त्यात. वाजला की जो जवळ असंल त्यानं उचलायचा आणि ज्याचा असंल त्याला हाक मारायची. जास्त करून काकीच असती तिथं, माझी सख्खी चुलती, फणसासमोरच तिची पडवी. तिला वाचायला येत न्हाई, पण आवाजावरनं कुणाचा फोन हे बराबर सांगती.

आठ तारखेला मी लावणीसाठी रजा काढलीती. फोन बंद ठेवावा तर मालक म्हणालते, पैसं टाकलं की फोन करतो. म्हणून बुट्टीत टाकला आणि काकीला बजावलं, काकी, मालकाचा आवाज असला तरच बोल, दुसऱ्या कुणाचा असला तर ठेवून दे. काकी म्हणाली, व्हय व्हय. काकीच्या व्हयला काय अर्थ न्हाई हे मला ठाव असायला पायजे हुतं.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. मी दोन वाफे पलीकडं चिखलात, मला आयकू आलं न्हाई. हे सगळं काकीनं मागनं सांगितलेलं. तिकडनं एक पोरगा हिंदीत ओरडतोय, महेश को फोन दो, पैसा भरना है. काकी म्हणाली, त्येचं हात चिखलात हाईत, तू कोण बाबा, मराठी येतंय न्हवं तुला? येत हुतं. पोरगा म्हणाला, मावशी, त्यानं पाच हजार घेतलेत, आज सहापर्यंत भरायचेत. काकी म्हणाली, पगार झाला की भरतोय की. पगार कधी? ते मालकाला ठाव. तो परत चढला, न्हाई भरले तर फोटो सगळ्यांना पाठवणार. काकी म्हणाली, पाठीव की, इथं फोटो उघडतोय कुठं, ह्येच्या लगनाचा फोटो अजून माझ्या फोनात गोल गोल फिरतोय.

काकीनं तेवढ्यात इचारलं, जेवलास काय? न्हाई म्हणाला. गाव कुठलं, आई काय करती, एका खोलीत किती जणं ऱ्हाता, सगळं काढून घेतलं. आणि मग म्हणाली, तुझा पगार तरी येळेवर होतोय काय रे? तर तो म्हणाला, कुठला मावशी, गेल्या महिन्याचा अजून अडकलाय, उद्या उद्या म्हणतात.

काकी म्हणाली, मग तू पोराच्या मागं का लागलास गा, ज्यानं पगार दिला न्हाई त्याला धर की. मालकाचा नंबर देते, लिवून घे.

आता नंबर वाचणार कोण? तेवढ्यात रेणुका माझा चहा घेऊन त्याच वाटेनं आली. काकी म्हणाली, ये गं, ह्यात मालकाचा नंबर बघ आणि ह्या पोराला तो सांग. अगं, तुझ्या नवऱ्यानं पाच हजार कर्ज काढलंय म्हणं. रेणुकानं नंबर सांगितला, फोन बुट्टीत ठेवला आणि चहा घेऊन बांधावर आली. मी वर बगितलं आणि मला कळलं. म्हणाली, गाडी स्वस्तात झाली न्हवं? मी म्हटलं, अगं ते... ती म्हणाली, दर गुरवारी आमच्या बायकांच्या बचत संघाची मीटिंग असती, मी सही केली असती तर पाच हजार मिळालं असतं, शेकड्याला एक रुपया व्याज, बाराशे कुणी कापून घेतलं नसतं. पर मला सांगायला तोंड पायजे. चहा बांधावर ठेवला आणि पदर खोचून चिखलात उतरली. दोन वाफे ती माझ्याकडं पाठ करून रोप लावत गेली. त्यापेक्षा कर्जवाला ओरडलेला परवडला.

चारला काकीची हाक आली, महेश, मालक. पळत गेलो. मालक म्हणतात, अरे कोण पोरगा लावून दिलायस माझ्यामागं, सकाळपासनं पंधरा फोन, म्हणतोय कामगारांचा पगार का अडकवला, लाज वाटत न्हाई काय, मी म्हटलं तू काय लेबर ऑफिसर हाईस काय. घे बाबा, टाकलं पैसं, सगळ्यांचं टाकलं, आता त्याला आवर. सातही जणांचा पगार झाला बगा. आमचा कुक तर मला म्हणाला, महेशअण्णा, पुढच्या महिन्यात बी कर्ज काढ की.

स्कूटर काढली, नेटसाठी रिसॉर्टात गेलो, सहाला वीस मिनिटं हाईत तवा पाच हजार भरलं, ते आलं म्हणून मेसेज आला, त्याचा फोटो काढून ठेवला आणि ते कर्जाचं प्रकरण मोबाइलमधनं काढूनच टाकलं. रेणुका मागं बसलीती. म्हणाली, आता मामांना फोन लावा, दुसऱ्याकडनं कळण्यापेक्षा तुमीच सांगा. तिच्या बापाला ती बी मामा म्हणती माझ्यासमोर, चिडलेली असली की. लावला. म्हटलं, मामा, एक सांगायचं हाय, गाडीच्या टायमाला माझ्याकडं पैसं न्हवतं, मी कर्ज काढलंतं.

मामा म्हणाले, ठाव हाय. काल सकाळीच मला फोन आलता त्या कर्जवाल्या पोराचा.

मी म्हटलं, मग तुमी काय सांगितलं?

मामा म्हणाले, काय सांगणार, जावई माझा हाय, पैसं बुडवणारा न्हाई, पगार होऊ दे त्याचा म्हटलं. आणि न्हाईच झाला तर माझ्याकडं ये, टायर बदलून पैसं देतो. तुला फोन करणार हुतो, पर म्हटलं तूच सांगशील. बरं झालं सांगितलंस. रेणूला दे.

रेणुकाला फोन दिला आणि मी स्कूटर पुसत ऱ्हायलो, पुसायला तिच्यावर काय न्हवतं तरी.

आता गुरवारच्या मीटिंगला रेणुकाबरोबर मी बी जाऊन भायेर बसणार हाय. देव करो आणि सगळ्यांचा पगार पाच तारखेला होवो, त्या फोनवरच्या पोराचा बी. आणि हे वाचणाऱ्यांनो, तुमचा पगार कधी अडकलाय काय, आणि अडकला तवा घरात पयलं कुणाला सांगितलंत? का माझ्यासारखं कुणालाच न्हाई? खाली लिवा, सुजाता मला वाचून दाखवणार हाय.