सुनंदाताईंचं नाव पुकारलं तेव्हा

सन्माननीय अध्यक्षा, आमच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका पद्मजाबाई चौबळ, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, वरच्या सभागृहातली आमदारकीची मुदत संपवून आज आपल्यात परत आलेल्या सुनंदाताई दळवी, आणि मांजर्लीच्या माझ्या भावाबहिणींनो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

उशिरा आलो, उशिरा उभा राहिलो, याची आधी माफी मागतो. माझी बायको गंगू अंथरुणावर आहे. तिची एक बाजू गेलेली आहे. सूनबाई माया कामावरून आली, तेव्हा मला निघता आलं. आताही अर्धा जीव तिकडेच आहे.

मी बुधाजी रोकडे. सातवीपर्यंत शिकलो आणि आनंदनगरच्या कारखान्यात आयुष्य काढलं. ताईंचा गौरव करण्याएवढे शब्द माझ्याकडे नाहीत. पण त्यांनी आमच्यासाठी काय केलं, ते सांगायला नको का?

पाच सालच्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. गंगूला खाटेसकट वर न्यायला चार माणसं लागली. दर वेळी चार माणसं कुठून आणायची? मुलगा राजेंद्र पाळीवर असतो आणि माझ्या हातांत आता जोर नाही. नदीच्या कडेनं भिंत घाला, एवढंच आमचं मागणं. ताईंनी त्यावर सभागृहात लक्षवेधी सूचना दिली. ती पुकारली की मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं. भिंत होणार की नाही, हे एकदाचं कळणार होतं.

गेल्या अधिवेशनात तो दिवस उगवला. ताईंनी पास दिले. मी आणि माझा कारखान्यातला सोबती बबन, आम्ही गॅलरीत जाऊन बसलो. तिथं टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही. आम्ही नीट हात जोडूनच बसलो होतो.

खाली मात्र भांडण पेटलेलं. विरोधक म्हणत होते, सगळं कामकाज बाजूला ठेवा आणि आधी आमचा विषय घ्या. सरकारवाले म्हणत होते, तो आजच्या कामकाजात नाही.

"नियम वाचा, नियम!"

"तुमचं राज्य होतं तेव्हा कुठल्या कपाटात होता हो हा नियम?"

विषय काय होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मग विरोधकांनी सभात्याग केला. ताई विरोधी पक्षातल्या. त्यांनाही उठावं लागलं. जाताना त्यांनी एकदा वर आमच्याकडे पाहिलं.

आणि तेवढ्यात सभापतींनी पुढची सूचना पुकारली. ती ताईंची! मंत्री उत्तराचा कागद घेऊन उभेसुद्धा राहिले. सूचना देणारा सदस्य जागेवर नसेल तर ती सूचना गळते, हे ताईंनी आम्हाला आधीच समजावलं होतं. सभापतींनी दुसऱ्यांदा नाव घेतलं आणि बबन ताडकन उभा राहून ओरडला, "हजर!"

हसू नका. आमच्या कारखान्यात हजेरीच्या वेळी सोबती नळावर गेलेला असला, तर शेजारचा त्याच्या नावानं हजर म्हणतो. नाहीतर त्याचा खाडा पडतो. बबननं आयुष्यभर तेच केलं होतं.

दोन शिपाई धावत आले. "ओ काका, हे काय कंपनीचं गेट आहे का?"

बबन म्हणाला, "गेटवर तरी ऐकून घेतात, भाऊ."

त्याला बाहेर काढलं. पण खाली सरकारवाल्यांना नवं कारण मिळालं. विरोधकांनी माणसं आणून सभागृहाचा अपमान केला म्हणे! ते ऐकून विरोधक धावत आत आले. त्यांच्यात ताईही होत्या. त्या हात वर करून सांगत होत्या, "सभापती महोदय, मी आले आहे. माझी सूचना घ्या."

सभापती म्हणाले, "ती व्यपगत झाली, ताई."

व्यपगत म्हणजे गळली. मग ती गळली की नाही, यावर दोन्ही बाजू भांडल्या. मंत्री कागद घडी करून खाली बसले. दिवसभरासाठी कामकाज बंद झालं, आणि दुसऱ्या दिवशी अधिवेशन संपलं.

बाहेर मी ताईंना विचारलं, "ताई, तुम्ही एकट्या आत बसून राहिला असतात तर?"

ताई म्हणाल्या, "पक्षाचा आदेश होता, बुधाजी. मोडला असता तर पुन्हा संधी मिळाली नसती."

पक्षानं ताईंना पुन्हा संधी दिली नाही, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. ताई, मी टोमणा मारत नाही. तुमच्याइतकं आमच्यासाठी दुसरं कोणी धावलं नाही. ही शाल तुम्हाला शोभते. पण गळलेली सूचना आता कोण उचलणार? त्या कागदावर मंत्र्यांनी काय लिहिलं होतं? ते होय होतं की नाही? मला झोप लागत नाही हो.

अध्यक्षबाई खूण करताहेत, थांबतो. आयोजकांनी मला उभं केलं, त्यांचे आभार. कार्यक्रम आनंदाचा आणि मी रडगाणं लावलं, चुकलंमाकलं पोटात घाला. ताई, कुणाकडे जायचं ते जमेल तेवढ्या लवकर कळवा. निरोप मायाकडे दिलात तरी चालेल. आणि कुणीच नसेल, तर तेही कळवा. म्हणजे पाऊस लागायच्या आत मी वरच्या मजल्यावर एखादी खोली तरी बघतो.