सकाळी सातचा फोन

सन्माननीय अध्यक्ष डॉ. ऑस्टरहाउट, व्यासपीठावरील मान्यवर, हृदयविभागातील डॉक्टर आणि परिचारिका, आज ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आर्डिस लिंडक्विस्टबाई, आणि बाहेर तापमान उणे वीस असताना आपल्या डुलुथ शहराचे चढ चढून आलेले माझे पेशंट बंधू-भगिनी,

मी रेनो मॅटिला. अडतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. अशा माणसाच्या हाती माईक देणं किती धोक्याचं, हे अध्यक्षांनी ओळखायला हवं होतं. तरी थोडक्यात सांगतो.

२००४च्या जानेवारीत दारातला बर्फ उपसताना माझ्या छातीत कळ आली. तासाभरात मी इथल्या ऑपरेशनच्या टेबलावर होतो. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून तिथे स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवायची होती. तेवढ्यात इथल्या संशोधनाचं काम पाहणाऱ्या परिचारिका आर्डिसबाई संमतीचा कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, एक जाळी साधी आहे, दुसरीला औषधाचा लेप आहे. हार्ट अटॅकमध्ये कोणती बरी, याचा अभ्यास चालू आहे. तुमची तयारी असेल तर कोणती बसवायची ते चिठ्ठी टाकून ठरेल.

मी विचारलं, "तुमच्या मते कोणती चांगली?"

"ते ठाऊक असतं सर, तर कागद आणलाच नसता."

छातीवर घण पडत असताना इतकं खरं बोलणारं माणूस कुठे भेटतं? मी सही केली. मला लेपाची जाळी मिळाली.

अडीच वर्षं बरी गेली. मग पेपरात बातम्या येऊ लागल्या, की लेपाच्या जाळीत कधी कधी उशिरा, अचानक रक्ताची गुठळी होते. माझी बायको एल्मा तेव्हा विसरू लागली होती. शेगडी पेटती ठेवून शेजारी जायची. मला काही झालं तर हिचं कोण? त्या भीतीपोटी मी आर्डिसबाईंना फोनवर नको नको ते बोललो. रक्त पातळ ठेवणारी गोळीही बंद केली. या जाळीचं काहीच नको, असं होऊन गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून बाई दारात उभ्या. मी दार उघडलं, पण 'या' म्हटलं नाही. एल्मानंच त्यांना आत घेतलं आणि कॉफी दिली. पाच मिनिटांनी पुन्हा दिली. बाई दोन्ही कप प्यायल्या. गोळी बंद केल्याचं कळताच त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मग मी विचारलं, जाळी सुरक्षित आहे की नाही?

"अजून सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण गोळी सोडलीत तर धोका वाढतो, हे नक्की. आजची माझ्यादेखत घ्या. उद्यापासून रोज सकाळी सातला मला फोन करून 'घेतली' म्हणा. भीती जाईपर्यंत."

पाच महिने केला मी फोन. रविवारीसुद्धा. कधी पलीकडे त्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असायच्या, त्याची खरखर ऐकू यायची.

२००८मध्ये अभ्यासाचा निकाल लागला. पत्र पाठवून भागलं असतं, पण बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, दोन्ही गटांत मृत्यू जवळपास सारखेच. गुठळ्यांचं प्रमाणही सारखंच. लेपवाल्यांची ती वाहिनी पुन्हा अरुंद होऊन टेबलावर परत यायची वेळ मात्र साध्या जाळीवाल्यांच्या मानाने निम्म्याहून कमी जणांवर आली.

खरं सांगू? मी हिरमुसलो. आयुष्य वाढलंय असं ऐकायची आशा होती. म्हणालो, "म्हणजे एवढंच?"

एल्मा खिडकीशी हातमोज्यांच्या जोड्या लावत बसली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"सर, अटॅकनंतर घरी आल्यापासून या चार वर्षांत एल्माला सोडून एक रात्र तरी हॉस्पिटलात राहिलात?"

नव्हतो राहिलो. एकही नाही.

एल्मा गेल्या एप्रिलमध्ये गेली. शेवटची दोन वर्षं तिला माझं नाव आठवत नव्हतं. पण झोपताना शेजारी माझा हात चाचपायची, आणि तो सापडला की शांत व्हायची. तो हात रोज तिथे होता, बाई. 'एवढंच' म्हणालो होतो, तो शब्द आज सगळ्यांसमक्ष मागे घेतो.

आपण सर्वांनी मन लावून ऐकलंत, ऋणी आहे. बोलताना आवाज अडखळला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर म्हाताऱ्या मास्तरला सांभाळून घ्या.