गावातल्या शेवटच्या दोघी

नानवाल्याच्या रांगेत गुलअंदामच्या पुढे वरच्या गावातल्या दोन म्हाताऱ्या होत्या, माहरुख आणि तूबा. गुलअंदामनं कान तिकडेच लावले.

"लेक न्यायला येतेय, तूबा. शुक्रवारी मशहदला चालले."

"जा की! गावात बाईमाणूस म्हणून मी एकटीच उरेन. राणी होईन."

"टोमणे नको मारूस गं."

"मग सरळ विचारते. मी मेले तर शेवटची आंघोळ कोण घालणार? गावात उरलेले ते पाच म्हातारे? परक्या पुरुषांचे हात लावून घेऊ अंगाला?"

"खालून बाई बोलावतील."

"बर्फानं घाट बंद झाल्यावर?"

माहरुखनं डोळे पुसले.

"बरं, रडू नकोस. गुरुवारी हमाम तापवते. जायच्या आधी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्हाऊ घाल. तेवढ्यावरच भागवीन."