दिव्यातली पोटुशी बाई

न्हाई, तू बोलू नगंस रं निजामा, तोंडात टॉर्च धरलीयास ती पडंल — आन् सीटखाली मुंडी घातलीयास ती बी भाईर काढू नगंस, मी आपली हितं स्टुलावर बसून बोलतेय, ऐक नायतर नगं ऐकू. तर काय सांगत हुते — त्यो स्टेरिंगपुढचा लाल दिवा. त्यो घालवायच्या आदी मला एकदा इचार. इचारशील न्हवं? मान हालवलीस का डास चावला? बरं. आता म्हणशील, ह्या हरणाबाईला गाडीतलं काय कळतंय — न्हाईच कळत, जलम मेंढरामागं गेला माझा, गाडीत बसाय लागले ते दिग्विजयनं, माझ्या पोरानं, ही घेतल्यापास्नं. पर चित्र तर दिसतंय का न्हाई मला? डोळं हायत का न्हाईत?

तूच सांग, काय चित्र हाय त्या दिव्यात? बाई बसलीय. आशी मागं टेकून, पाय पुढं सोडून. आन् पुढं एवढं थोरलं पोट! त्यो फुगा हाय म्हंतोस — एरबॅग — धडक बसली की फुगतो. आता म्हंतोस रं! तवा कुठं हुतास? आमी औंधच्या यमाईची वटी भरून येत हुतो — पोरगा गाडी चालवाय, सोनम, माझी सून, त्याच्या शेजारी पुढं, आन् मी मागं. देवीला इनवून आल्याले, आई, ह्या पोरीची कूस उजव, लय वरसं झाली, लोक बोलत्यात. डोंगर उतरून गाडीत बसलो, वारं सुटल्यालं, मी वाकून सोनमच्या सीटखालची घोंगडी वडली — निघंना, मग चांगली हिसका मारून वडली — गुडघ्यावर घेतली आन् वर बगतेय तर टिंग! लाल दिवा! पोटुशी बाई! आता देवीनं ह्येच्यापरास काय सांगायचं? फोन करायचा व्हय?

दिग्विजय म्हणला, आई, सेन्सरचं कायतरी झालं आसंल. मी म्हणलं, व्हय बाबा, तुमी शिकल्याली माणसं त्याला सेन्सर म्हणत आसशीला. घरी आले आन् माझ्या जावंला, चंद्राबाईला सांगितलं — फकस्त तिलाच, आन् कुणाला सांगू नगं म्हणून बजावलं — आसं बजावलं की सकाळच्याला निम्मं गाव दारात. कुणी चिंचा, कुणी कैऱ्या, राहीबाई तर लोणच्याची बरणी घिऊन. हीच राहीबाई बरं का — बारशात समद्यांस्नी हळद-कुकू लावत यायची आन् सोनमपुढं आली की करंडा झाकायची. तिनं त्यादिशी सोनमच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

सोनमला? तिला काय ठावं! तिनं माझ्याकडं बगितलं, चिंचांकडं बगितलं, आन् त्या आत न्हिऊन ठेवल्या. बायका गेल्यावर जवळ बसली, म्हणाली, आत्या, त्यो गाडीचा दिवा हाय, माझं काय न्हाई. मला वाटलं, आता रडंल. तर पोरगी हसाय लागली रं! मग मला बी आवरंना, दोघींनी पदर तोंडात कोंबलं. डोळं पुसून म्हणाली, ऱ्हाऊ द्या की आत्या थोडं दिस, कैऱ्या लय चांगल्या हायत्या.

मग ऱ्हाऊ दिलं. तुला काय सांगू, पोरीची चालच बदलली. लग्नात पुढं बसवाय लागली तिला माणसं. कुणी टोचत न्हाई, कुणी औषिद सांगत न्हाई. मी बी आदी तिला काय कमी बोललेय — जाऊ दे, ते कशाला तुला. म्हणून म्हंते, आतलं नीट कर, पर दिवा तेवढा पेटता ठेव. काय? येत न्हाई? का न्हाई येत? मगाशी तूच म्हणलास, काय काय मिस्त्री आत खोटा तुकडा बसवत्यात, फुगा मेल्याला आसला तरी दिवा गप. मग खोटं करून इझवाय येतंय, तर खोटं करून पेटवाय का येत न्हाई? मघा बॅटरीची वायर काढून गपगार बसलास तवा मला वाटलं, इचार कराय लागलाय — तर म्हणं वायरीतली वीज उतरस्तवर थांबाय लागतंय, नायतर फुगा तोंडावर फुटंल. आसलं भ्या हाय तर धंदा तरी कशाला धरलास हा?

काय झालं? घावलं? ही पिवळी पिन? हीच निसटलीय? आन् तिला गुतल्यालं ते काय — दाखव. आर्... दशी हाय ही. घोंगडीची. माझ्याच. म्हंजी देवीनं न्हाई, मी हिसका — अगं बया! हसू नगंस रं, टॉर्च गिळशील.

थांब, जोडू नगंस. जरा थांब की. एक सांग — ही आशी सुटल्याली आसली आन् धडक बसली तर? फुगा उघडायचा न्हाई? बाकीचं फुगं? त्येंचा बी भरवसा न्हाई? म्हंजी एवढं दिस ती पोर आशीच पुढं बसत हुती — ह्यो कराडचा हायवे, ते उसाचं ट्रक — आन् मी मागं बसून दिव्याला हात जोडत हुते.

जोड. जोड म्हंते न्हवं! वाजलं कट्ट? आता ती बॅटरीची वायर लाव, तुझं ते गाडीचं दुखणं वाचायचं मशीन लाव, त्यात काय लिवलं आसंल ते पूस. फिरव चावी. — लागला! लागला की रं दिवा! आं? आदी जरा लागतोच? मग जातोय?

गेला.

जाऊ दे. चंद्राबाईला मी सांगते, मलाच चित्र कळलं न्हाई. हसू देत मला, म्हातारीला हसल्यानं काय झिजतंय? पर सोनमला कुणी वाकडा शबुद बोललं तर माझ्याशी गाठ हाय, करंडा हिसकून घीन. वाईट वाटतंय रं निजामा, लय वाईट वाटतंय. नातू झाला तर झाला. सून मला धडधाकट पायजे — गप. गप, आली पोरगा-सून बाजारातनं. तू काय बोलू नगंस, मी घरी गेल्यावर सांगते. ये गं सोनम. झालं बाई नीट, एक पिन निसटल्याली. डोळ्यात? काय न्हाई, धूळ हाय हितं. बस पुढं. पट्टा लाव — आदी पट्टा लाव. आन् तू काय बगत हुबा ऱ्हायलास रं निजामा? जा, हात धू.