वन्संची गोळी

नणंद : म्हणजे चपला परत करायच्या? तुला एक नंबर मोठ्या मिळाव्यात म्हणून मी अख्खा बाजार पालथा घातला.

भावजय : वन्सं, या वयात पाय वाढतात होय? सूज आहे ती. डॉक्टर म्हणाले, गोळीने आलीय.

नणंद : कुठल्या गोळीने?

भावजय : तुम्ही रोज सकाळी खालून घेऊन येता त्या. गुडघ्याच्या.

नणंद : काहीतरीच. मीही तीच घेते. काल जिना चढले, कठड्याला हातसुद्धा लावला नाही.

भावजय : तुम्हाला ब्लडप्रेशर नाही, मला आहे. ते इतकं चढलंय की डॉक्टरांना वाटलं, मशीनच बिघडलं.

नणंद : आणि तू माझं नाव सांगून मोकळी झालीस.

भावजय : नाही हो. कोणी लिहून दिली विचारलं, तर म्हटलं घरच्या डॉक्टरांनी.

नणंद : मग?

भावजय : म्हणाले, उद्या त्यांनाही घेऊन या. तपासायला.

नणंद : मला काय धाड भरलीय?

भावजय : रिकाम्या पोटी घेता. जास्त दुखलं की दोन घेता. त्याने पोटात जखम होते, आतल्या आत रक्त जातं. छातीत जळजळ होते ना तुमच्या?

नणंद : ती मिरचीने.

भावजय : मिरची तुम्ही केव्हाच सोडलीत.

नणंद : बरं बाई. मग दुखलं की करायचं काय, गळा काढायचा?

भावजय : तुमचं ते ठरवतील. द्यायचीच झाली तर जेवणानंतर, लागेल तेवढीच आणि थोडेच दिवस. मला मात्र बंद. मलम दिलंय, आणि मांड्यांचे व्यायाम.

नणंद : पाय सुजायला लागले तेव्हाच बोलायचं नाही का? तुला काही झालं असतं तर भावाला काय तोंड दाखवलं असतं मी?

भावजय : बोलणार होते. रोज ठरवायचे.

नणंद : मग दातखीळ बसली?

भावजय : लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही कधी वर येऊन माझ्याजवळ बसला नव्हतात. गोळीच्या निमित्ताने बसायला लागलात. बरं वाटायचं हो मला. म्हटलं, गोळी थांबली तर तुमचं येणंही थांबेल.

नणंद : खुळी आहेस. मला तरी नुसतं वर यायला कुठे जमत होतं?

भावजय : मग उद्या?

नणंद : उद्या जाऊ तुझ्या डॉक्टरांकडे. परवापासून हात हलवत आले तर चालेल ना?